दोन कार्बोरेटरचे अण्णा

आमच्या कॉलनीत सकाळी फिरायला निघालेल्या नव्या माणसाला हमखास एक दृश्य दिसायचं. चिंचेच्या झाडाखाली एक जुनी, बुटकी, पिस्ता रंगाची गाडी. तिचं बॉनेट उघडं. आत कमरेपर्यंत वाकलेले एक गृहस्थ, खांद्यावर टॉवेल, आणि कानात रबरी नळी. नळीचं दुसरं टोक इंजिनात. नवा माणूस थबकायचा आणि विचारायचा, "काय झालं काका?"

"शूऽऽ!" गृहस्थ मान वर न करता म्हणायचे. "डावा जास्त श्वास घ्यायलाय."

हे आमचे सिद्रामअण्णा. भूगोलाचे निवृत्त शिक्षक. गेल्या वर्षी मी त्यांच्या शेजारी राहायला आलो. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे अण्णा मला नावानं कधी हाक मारत नाहीत. "ओ चष्मेवाले!" एवढं कानावर आलं की समजायचं, इंजिनाजवळ दुसऱ्या कानाची गरज आहे.

अण्णांनी शाळा सोडली, भूगोल सोडला नाही. ताटातली भाजी खारट झाली तरी ते बायकोला "आज खारं पाणी कुटनं शिरलं?" असं विचारायचे. कुठल्याही गोष्टीवर बोलायच्या आधी त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे, "आधी भूगोल समजून घ्या की!" माझ्या दुकानाचा बोर्ड कुठे लावावा इथपासून माझ्या मुलीला सर्दी का होते इथपर्यंत सगळ्याला त्यांच्याकडे भूगोल होता. तेव्हा गाडीत एकाऐवजी दोन कार्बोरेटर कशासाठी, हे मी विचारल्यावर काय ऐकावं लागणार, याची मला कल्पना यायला हवी होती.

"आधी भूगोल समजून घ्या," अण्णा म्हणाले. "कार्बोरेटर म्हंजे काय? पेट्रोल आन् हवा मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. आता ह्या गाडीला सिलिंडर चार. म्हंजे चार शेतं. कालवा एक. शेवटच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं का? तुमीच सांगा."

"नाही पोचत."

"मग! म्हणून दोन कालवे. दोन शेतांना हा, दोन शेतांना तो. कुनी तहानलेलं न्हाई, भांडान न्हाई. गाडी लई ओढनार बघा."

आता गाडी ओढून अण्णांना जायचं कुठे होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गेलं वर्षभर ती चिंचेखालून हललेली आम्ही पाहिली नव्हती.

ते दोन कार्बोरेटर त्यांनी सांगोल्याहून आणले. तिथल्या एका डाळिंबाच्या बागेत, शेळ्यांच्या गोठ्याशेजारी, अशीच एक जुनी गाडी गंजत पडली होती. कुणा हौशी माणसानं तिला ही जोडी बसवली होती म्हणे. अण्णा एसटीनं गेले, दिवसभर शेळ्यांच्या सोबतीनं स्क्रू पिळत बसले, आणि संध्याकाळी जोडी टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून परत निघाले. गर्दीच्या एसटीत एका बाईनं त्यांना जागा दिली आणि हळूच विचारलं, "लई ल्हान हाय का ओ लेकरू?"

"जुळी हायत," अण्णा म्हणाले, आणि बसले.

पुढे त्या जुळ्यांनी अण्णांच्या घराचा ताबा घेतला. ती धुवायला स्वयंपाकघरातलं पातेलं गेलं. बारीक छिद्रं साफ करायला शिवणाच्या सुया गेल्या. हवेतली धूळ आत जाऊ नये म्हणून दोन चहाच्या गाळण्या गेल्या. त्यानंतर त्यांच्याकडे चहात पावडर यायला लागली. अण्णा मिशीला लागलेली पावडर पुसत म्हणायचे, "गाळ सुपीक असतो."

जोडी इंजिनाला जोडायचा फाटे फुटलेला नळ अक्कलकोट रोडच्या एका वेल्डिंगवाल्यानं करून दिला. अण्णांनी त्याला जे चित्र काढून दिलं होतं, ते नदीच्या त्रिभुज प्रदेशाचं होतं. वेल्डिंगवाला पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी चिडला, आणि तिसऱ्यांदा अण्णा दिसल्यावर जेवायला गेल्याचा निरोप ठेवून मागच्या दारानं पसार झाला. पण नळ झाला.

खरी गंमत पुढे होती. दोन कार्बोरेटर नुसते बसवून भागत नाही. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. एक जास्त ओढायला लागला की गाडी उचक्या देते. त्यासाठी कानात नळी. आधी एकाच्या तोंडाशी धरायची, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. अण्णांना उजवा बारीक वाटायचा, मला डावा. आमचं एकमत झालं की इंजिन बंद पडायचं.

हे सगळं चाललेलं असताना वर गॅलरीत कस्तुरक्का बसलेल्या असायच्या. अण्णांच्या पत्नी. कॉलनीत सगळे त्यांना अक्काच म्हणतात. मंद्रूपच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी नोकरीभर नर्स म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावरही दर बाजाराच्या दिवशी मंद्रूपला जायच्या. त्यांच्या हातावर जन्मलेल्या पोरी आता स्वतः बाळंतीण होत होत्या, त्यांना भेटायला. तेही गेलं वर्षभर बंद होतं. गॅलरीतल्या खुर्चीत बसून त्या रस्त्याकडे बघत राहायच्या, फारसं कुणाशी बोलायच्या नाहीत. माझी बायको म्हणायची, "अक्का अशा गप्प गप्प, आणि अण्णांना बघा. गाडीतून डोकं वर निघत नाही!"

अखेर एका सकाळी इंजिन एका सुरात धडधडलं. अण्णांनी कानातली नळी काढली आणि किल्ली माझ्यापुढे धरली. "चला, मंद्रूपच्या रस्त्याला जाऊन येऊ. तुमी चालवा."

"मी? तुमची गाडी, तुम्ही चालवा की अण्णा."

"मला कुटं येतं?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण अण्णा गंभीर होते. गाडी अक्कांची. नोकरीत असताना त्यांनी घेतलेली, जन्मभर त्यांनीच चालवलेली. अण्णा कायम शेजारच्या सीटवर. "भूगोलाच्या मानसानं रस्ता बघायचा असतो," ते म्हणाले, "गिअर न्हाई."

मी गाडी काढली. शहर संपेपर्यंत ती अशी पळाली की अण्णांनी दोनदा माझी पाठ थोपटली. मग तिला पहिली उचकी लागली, लागोपाठ दुसरी आली, मागून काळा धूर निघाला, आणि ज्वारीच्या एका शेतापाशी ती गप्प झाली. अण्णांनी नळी काढली, स्क्रू फिरवले, फुंकरी मारल्या. काही उपयोग झाला नाही. मी फोन करून टोचन करायला ट्रॅक्टर बोलावला आणि आम्ही बांधावर बसलो.

"अण्णा," मी न राहवून म्हणालो, "एका कार्बोरेटरवर चांगली चालत होती ना ही? कशाला हा उद्योग?"

अण्णांनी हातातली नळी गुंडाळून खिशात ठेवली. मग रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हितंच, जरा फुडं. मागच्या वर्षी. पान्याचा टँकर फुडं होता. ती वलांडाया निघाली. समोरनं बस आली. बस लांब होती हो, आरामात निघाली असती ती. पन मीच वरडलो, 'अगं थांब!' तसा तिनं पाय काढला. गाडी मधीच अडकली. बसवाला भला मानूस, त्यानं बस रस्त्याखाली घातली म्हणून वाचलो. कुनाला खरचटलं बी न्हाई."

"मग?"

"मग काय. घरी आल्यावर किल्ली खुंटीला लावली तिनं. म्हणाली, गाडीत दम ऱ्हायला न्हाई आता. मी रोज म्हणायलोय, चल की, चल की. तर एक दिवस वैतागून म्हणाली, दोन कार्बोरेटर बसवा, मग बघू. कुटंतरी आयकलं असंल तिनं. चेष्टेत म्हणाली." अण्णांनी टॉवेलानं तोंड पुसलं. "दम गाडीचा न्हाई गेला, चष्मेवाले. मी वरडलो. ते ती कदी बोलली न्हाई. म्हणून मलाबी बोलता येईना झालंय."

ट्रॅक्टरच्या मागे बांधलेली गाडी कॉलनीत शिरली, तेव्हा अक्का गॅलरीत उभ्या होत्या. "ट्रायल होती!" अण्णा खालून ओरडले. अक्का आत गेल्या.

त्यानंतर बरेच दिवस चिंचेखाली सामसूम होती. दोनदा सकाळी मी स्वतःहून खाली गेलो, तर गाडीवर कापड. मला वाटलं, संपलं.

मग बाजाराच्या दिवशी सकाळी दार वाजलं. अण्णा. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल. "चला. झाली गाडी. ती बी येनार हाय."

अक्का खाली आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. "झाली ना नक्की?"

"झाली की. दोन्ही बसवले," अण्णा म्हणाले.

अक्का स्टिअरिंगवर बसल्या. पदर खोचला, आरसा सारखा केला, आणि इतका वेळ नुसत्या समोर बघत राहिल्या की आता उतरतात की काय असं मला वाटलं. मी मागच्या सीटवर पुढे वाकून बसलो होतो. मग त्यांनी गिअर टाकला.

शहराबाहेर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला. अक्का त्याच्या मागे रेंगाळल्या. समोरचा रस्ता मोकळा होता, लांबवर एक ट्रक दिसत होता. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला, त्याचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांनी घट्ट धरलं. डोळे मिटले.

अक्कांनी पाय दाबला. एक ट्रॉली मागे गेली, दुसरी गेली, ट्रॅक्टर गेला. गाडी आपल्या बाजूला आली, आणि मग कितीतरी वेळानं तो ट्रक आमच्या शेजारून गेला.

"डोळे उघडा," अक्का म्हणाल्या. वर्षभरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होतो.

मंद्रूपला गाडी थांबायचा अवकाश, "अक्का आल्या, अक्का आल्या" म्हणत बाजारातल्या बायका धावल्या. कुणी त्यांचे हात धरले, कुणी कडेवरचं पोर पुढे केलं. मी मात्र पुढे जाऊन बॉनेट उघडलं. ज्या जोडीसाठी माझाही कान झिजला होता, तिला एकदा डोळे भरून बघावं म्हटलं.

आत एकच कार्बोरेटर होता. जुना, पहिलाच.

मी वळलो. अण्णा मागेच उभे होते. त्यांनी हलकेच बॉनेट खाली केलं.

"जमंना ओ दोघांचं," ते कुजबुजले. "लई प्रयत्न केला. रातच्याला गुपचूप जुनाच बसवला. तिला नका सांगू."

तेवढ्यात अक्का त्या सगळ्या बायकांना घेऊन गाडीपाशी आल्या. "आमच्या ह्यांनी दोन कार्बोरेटर बसवलेत," त्या सांगत होत्या. "स्वतःच्या हातानं. काय ओढते म्हणून सांगू! उसाचा ट्रॅक्टर असा मागं टाकला."

"व्हय?" एक म्हातारी पुढे झाली. "दावा की मास्तर आमाला बी."

"आत्ता नको," अण्णा म्हणाले. "गरम हाय."

आणि त्या गरम बॉनेटवर दोन्ही तळहात टेकून उभे राहिले.