दळवीकाकांच्या गाडीचं कव्हर

आमच्या शिरगावच्या सोसायटीत कुणाच्या लग्नाच्या सुटाला दोनपेक्षा जास्त ट्रायल झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दळवीकाकांच्या गाडीच्या कव्हरला तीन झाल्या. तिसऱ्या ट्रायलला मी स्वतः हजर होतो. म्हणजे मला नेलं होतं. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या भर बाजारात, एका सिंधी दुकानदाराच्या दारात गाडी उभी, मागे रिक्षावाले बोंबलतायत, आणि काका कव्हरच्या शिवणीवरून उलटा हात फिरवत गाडीभोवती फेऱ्या मारतायत. डाव्या आरशापाशी कापड अर्धा इंच सैल होतं.

"साईं, अब बस करो," दुकानदाराने अक्षरशः हात जोडले. "गाडी का कव्हर है ये, दूल्हे की शेरवानी नहीं है."

"शेरवानी आदमी एक दिन पहनता है," काका म्हणाले. "ये रोज पहनेगी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कंप्लेंट नाही हं, सेक्रेटरी. ऑब्झर्वेशन आहे."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. अंबरनाथला आनंदनगरच्या एमआयडीसीत, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं रंग तपासण्यात घालवली. कंप्लेंट म्हटलं की समोरचा भांडायला उठतो, ऑब्झर्वेशन म्हटलं की वहीत लिहून घेतो, हे ज्ञान त्यांनी तिथून आणलं. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, पण ऑब्झर्वेशन काही सुटली नाहीत. टाकीच्या झाकणापासून गणपतीतल्या प्रसादापर्यंत सगळ्यांवर ती व्हायची, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे ती ऐकून घ्यायची जबाबदारी माझी.

रिटायर होताना त्यांनी आणखी एक वस्तू आणली होती. रंगाची जाडी मोजायचं यंत्र. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवायचं. मी सेकंडहँड गाडी घेतली त्या दिवशी पेढा तोंडात टाकता टाकता काकांनी ते माझ्या गाडीला चारी बाजूंनी टेकवलं.

"उजवा दरवाजा," ते म्हणाले. "आत पुट्टी आहे. ठोकलेली आहे तुमची गाडी."

विकणाऱ्याने मला आईची शपथ घेऊन सांगितलं होतं की गाडीला ओरखडासुद्धा नाही. माझ्या बायकोने तेव्हापासून त्या दरवाजाने गाडीत बसणं सोडलं, आणि मी आठवडाभर काकांशी बोलणं सोडलं. पण काका खोटं बोलले नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला राग त्याचाच आला होता.

त्यांची स्वतःची गाडी लहानशी, निळी. जुनी, पण रंग असा की शोरूममधून काल आली असावी. आमच्याकडे झाकलेलं पार्किंग नाही. बिल्डिंगसमोर मोकळी जागा आहे, त्यात पांढरे पट्टे मारून घेतलेत. शेजारी नवीन बिल्डिंगचं काम चार वर्षं चाललंय, त्यामुळे वरून सिमेंटची धूळ. डोक्यावर उंबराचं झाड, त्यामुळे चिकट फळं. आणि झाडावर कबुतरं, त्यामुळे उरलेलं सगळं. बाकीच्यांनी नशिबाला दोष देऊन गाड्या तशाच ठेवल्या होत्या. काकांनी कव्हर शिवून घेतलं, तेही दुहेरी. आत मऊ होजिअरीचं अस्तर, वर पाणी न झिरपणारं कापड.

कव्हर घालण्याचीही एक पद्धत होती. नुसतं टाकलं असं नाही. आधी गाडी कोरड्या फडक्याने झटकायची, मग ओल्याने पुसायची, मग पुन्हा कोरड्याने. "धुळीवर कव्हर टाकणं म्हणजे पॉलिशपेपरने गाडी घासणं. लोक गाडी वाचवायला कव्हर घेतात आणि ते कव्हरच रंग खातं." मग अस्तराची बाजू तपासायची, छतापासून सुरुवात करून पुढे आणि मागे सोडायची, आणि शेवटी खालच्या नाड्या बांधायच्या. बॉनेटवर एक काळी मांजर झोपायची. तिला हाकलून काका थकले, तेव्हा त्यांनी कव्हरवर तेवढ्या जागी गोधडीचं जाड ठिगळ लावून घेतलं. "माल ऐकत नसेल तर ड्रॉइंग बदलावं," ते म्हणाले.

इथपर्यंत ठीक होतं. वेडं माणूस कुठल्या सोसायटीत नसतं? पण रोज संध्याकाळी पावणेसहाला जे चालायचं त्याची मात्र सगळे चेष्टा करायचे. काका खाली यायचे. अर्धा तास लावून बांधलेलं कव्हर सोडून घडी घालायचे. गाडीत बसायचे. आत बसल्याबसल्या, हात दारांना आपटत, अंगातला शर्ट काढून कारखान्याचा जुना आकाशी शर्ट चढवायचे. मागच्या सीटवरून डब्याची पिशवी उचलायचे. गाडी सुरू करायचे, दोनदा हॉर्न वाजवायचे, बंद करायचे आणि उतरून जिना चढून घरी जायचे. गाडी जागची हलायची नाही. कव्हर घालायला पुन्हा रात्रीच्या जेवणाआधी यायचे.

"साहेब ड्युटीवरून आले," वॉचमन हसून म्हणायचा. मीही हसायचो. कुणीतरी म्हणालं, रिटायर झाल्याचं काकांच्या डोक्याने घेतलंच नाही. ते आम्हा सगळ्यांना पटलं. डोकं त्यांचंच बिघडलंय असं धरून चालणं सोपं होतं. काकू तीन वर्षांत खाली उतरल्या नव्हत्या, याचा कुणी या गोष्टीशी संबंध लावला नाही.

यंदा ड्रेनेज तुंबलं. प्लंबरने सांगितलं, मोठा चेंबर काकांच्या गाडीखाली आहे, तो वरून मोकळा राहिला पाहिजे. कमिटीने ठरवलं की काकांना मागच्या बाजूची जागा द्यायची. तिथे तर भिंतीची सावलीही होती. उलट उपकारच, असं मला वाटलं.

काका मीटिंगला उभे राहिले. "जागा सोडणार नाही," एवढंच म्हणाले.

"काका, मागे धूळ कमी आहे. रंग टिकेल."

"रंग टिकून उपयोग काय, दिसला नाही तर?"

सगळे हसले. काका नाही हसले. "चेंबर साफ करायच्या दिवशी सकाळी मी गाडी काढून देईन. रोज म्हणाल तर रोज. पण संध्याकाळी साडेपाचला मला ती तिथंच लागेल. तिथंच. गॅलरीखाली."

"का पण?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते खाली बसले. पहिल्यांदाच त्यांच्याकडे ऑब्झर्वेशन नव्हतं. कमिटीने नोटीस काढली, रविवारपर्यंत गाडी हलवा. सही माझी.

गुरुवारी सकाळी काका गाडीच्या छतावरचं कव्हर सारखं करायला स्टुलावर चढले आणि पडले. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून दुपारी चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर चढवलं. आमच्याकडे लिफ्ट नाही. डॉक्टरांनी पाय खाली टेकवायचा नाही म्हणून सांगितलं होतं. मुलगी बडोद्याहून निघाली होती, पण पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता.

पाचच्या सुमाराला मी त्यांच्याकडे गेलो. पाहायला म्हणून गेलो, हे खरं. पण नोटिशीची कॉपी खिशात होती हेही खरं.

काका बाहेरच्या खोलीत कॉटवर, बनियनवर पडले होते. काकू गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. नीट अंबाडा, नीट साडी. माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या, पण ते हसू कुणासाठीही चाललं असतं.

"बसा सेक्रेटरी," काका हळू आवाजात म्हणाले. "बरं झालं आलात. मी तुम्हाला फोनच करणार होतो. एक काम आहे. कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यातल्या रिपोर्टसारखं, एकामागून एक.

"तीन वर्षं झाली. सकाळपासून मी तिला परका असतो. घरात कुणी गृहस्थ येऊन बसलाय, एवढंच तिला कळतं. आधी घाबरायची. आता सवय झालीय. पण संध्याकाळी खालून हॉर्न दोनदा वाजला, गॅलरीतून वाकून निळी गाडी दिसली, की तिच्या लेखी मी आलो. मग दार उघडते, पाणी देते. चहा टाकते, म्हणजे मी टाकतो, ती शेजारी उभी राहते. डबा संपवलात का, विचारते. आठ-साडेआठपर्यंत मी घरातला असतो. मग पुन्हा नाही."

मी गॅलरीतल्या काकूंकडे पाहिलं.

"मध्ये गाडी गॅरेजला होती. मेव्हण्याची पांढरी आणून हॉर्न वाजवला. उठलीसुद्धा नाही. म्हणून हा रंग उतरून चालणार नाही. आणि तिला वाकून दिसते ती तेवढीच जागा. मागे लावली तर भिंत दिसेल." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मीटिंगमध्ये हे कसं सांगणार? घरातली गोष्ट आहे."

नोटीस खिशात होती. मला माझीच इतकी लाज वाटली की ती काढून फाडायचीही हिंमत झाली नाही. कागदाचा आवाज झाला असता.

"दोनच दिवस चुकले होते तेव्हा," काका म्हणाले, "आणि त्यानंतर आठवडाभर ती हॉर्नला आली नव्हती. हळूहळू परत आणली. आता पुन्हा तुटलं तर येईल की नाही, मला सांगता येत नाही. आज चुकवायचं नाही. ही किल्ली घ्या. नाड्या मागून सोडा, कव्हर ओढू नका, उचला. दोनदा हॉर्न. छोटे."

मी खाली गेलो. नाड्या मागून सोडल्या. कव्हर उचललं, ओढलं नाही. निळा रंग उन्हात उघडा पडला तसा वॉचमन म्हणाला, "आज आप?" त्याला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण चांगलं नव्हतं. गाडीत बसलो. हॉर्न वाजवला, दोनदा.

काचेतून वर पाहिलं. काकू उठल्या, कठड्यावर हात ठेवून वाकल्या, आणि त्यांचा चेहरा बदलला. मी त्या बाईंना दहा वर्षं ओळखतो. त्या इतक्या सुंदर हसतात हे मला माहीत नव्हतं. मग त्या लगबगीने आत गेल्या.

मी धावत जिना चढलो. जमलं, जमलं, एवढंच डोक्यात होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेले काका आणि दुसऱ्यांना नियम शिकवणारा मी, दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं की हॉर्ननंतर जिना चढून कुणालातरी घरी यावं लागतं.

दार उघडंच होतं. काकू उंबऱ्यात उभ्या होत्या, हातात पाण्याचा पेला. मला पाहून त्या बाजूला झाल्या आणि माझ्यामागे जिन्याकडे बघत राहिल्या.

"हे कुठं राहिले?" त्यांनी विचारलं.

मी आत कॉटकडे पाहिलं.

"कुंदा," आतून काकांनी हाक मारली. "अगं, आलो मी. इकडे बघ. इथं आहे."

काकूंनी मागे वळून पाहिलं. मग माझ्या जवळ सरकून, काकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण खोली एवढीशी, म्हणाल्या, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका हं भाऊ. भले आहेत. दिवसभर इथंच असतात. त्यांचं घरचं कुणी नाही वाटतं. आणि आज बघा ना, पायही मोडला बिचाऱ्यांचा."



"काकांना," मी म्हणालो, "म्हणजे साहेबांना आज ओव्हरटाइम आहे. गाडी पुढे पाठवली. उशीर होईल म्हणाले."

"असं होय," काकू म्हणाल्या. आणखी थोडा वेळ जिन्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग हातातल्या पेल्याकडे त्यांचं लक्ष गेलं. तो घेऊन त्या सावकाश आत गेल्या, कॉटपाशी थांबल्या आणि पेला पुढे केला.

"घ्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यासाठी भरलं होतं, पण त्यांना उशीर आहे."

काका कोपरावर टेकून अर्धवट उठले. दोन्ही हातांनी त्यांनी पेला घेतला.

"आभारी आहे, वहिनी," ते म्हणाले, आणि पाणी प्यायले.