झुंबरांचा मोह

हे तुमच्या गळी उतरणार नाही, आधीच सांगून ठेवतो. स्वतःच्याच गोष्टीच्या परीक्षेत नापास झालेला माणूस जगात एकच, आणि तो मी! लिहिताना मोठ्यानं वाचायची मला खोड आहे. बायको स्वयंपाकघरात आहे, तिनं मध्ये तोंड घातलं तर तेही लिहीन. खरं सांगणाऱ्याला भीती कसली?

तर, मी गोदामात क्रेन चालवतो. छताखाली लटकणारी केबिन, तिच्यात माझी खुर्ची. वरून मॅनेजरचंसुद्धा फक्त टक्कल दिसतं! दुपारच्या सुट्टीत मी खाली उतरतो आणि लटकत्या पेटीची गोष्ट सांगतो. वीज गेलेली, काचेनं भरलेली पेटी हवेत, बरोब्बर खाली मॅनेजर, आणि तारेचा दोर एकेक तार तुटत चाललेला! मी केबिनमधून बाहेर पडलो, लोखंडी तुळईवरून सरपटत गेलो, कमरेचा पट्टा काढला आणि एका हातानं पेटी बांधून टाकली. दुसऱ्या हातानं पँट धरली होती. इथं सगळे हसतात. वर्षानुवर्षं हसत आलेत.

मग कंपनीनं सगळं प्रशिक्षण कॉम्प्युटरवर नेलं. त्यासाठी एक ट्रेनिंगवाली आली. माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, जिभेवर साखर आणि काम पोलिसी. तिनं गोष्ट ऐकली आणि वही बंद केली.

"काका, ही आपण कोर्समध्ये घेऊ या. एक व्हिडिओ, एक वाचायची पीडीएफ, एक क्लिक करायचं चित्र आणि शेवटी क्विझ."

"एका गोष्टीचे चार तुकडे?"

"कुणी बघून शिकतं, कुणी वाचून, कुणी करून. सगळ्यांना पोचायला हवं ना!"

मी विरघळलो. इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसलो. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा पाहून मला थोडा रंग चढला, एवढंच. जे सांगायचं ते सांगितलं आणि विसरून गेलो.

पीडीएफ आली. त्यात काय लिहिलं होतं माहितीये? 'सदर कर्मचाऱ्याने परिधान केलेल्या वस्त्राच्या साहाय्याने भार स्थिर केला.' संपलं! मी तडक तिच्या टेबलाशी गेलो.

"माझी पँट कुठाय?"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

"काका, पँटचा विषयाशी संबंध नाही."

"माझ्याशी होता!"

मग चित्र आलं. वर लिहिलेलं, 'चुका शोधा.' तुळईवर एक ढेरपोट्या लोंबकळतोय, आणि तो मी! माझं पोट एवढं नाही, म्हणून मी आधी पोटावर क्लिक केलं. 'शाब्बास! सुरक्षापट्टा लावलेला नाही.' डोक्यावर केलं. 'शाब्बास! हेल्मेट नाही.' बुटावर, कोपरावर, मिशीवर, शाब्बास, शाब्बास, शाब्बास! एकही क्लिक वाया गेली नाही. म्हणजे मी नखशिखांत चूक!

तेही गिळलं. पण क्विझ? ती सगळ्यांना सक्तीची. तीनदा नापास झालं की कार्ड बंद, आणि कार्ड टेकवल्याशिवाय क्रेन जागची हलत नाही.

"मलाही द्यायची? अगं, मी हीरो आहे या कोर्सचा!"

"सिस्टिमला हीरो कळत नाही हो काका. तिला फक्त पूर्ण आणि अपूर्ण कळतं."

स्वतःचं थोबाड काय बघायचं, म्हणून मी व्हिडिओ लावून चहाला गेलो आणि परत येऊन क्विझ उघडली. पेटीत काय होतं? काच. चूक! पेटी कशानं बांधली? कमरेच्या पट्ट्यानं. चूक! बरोबर उत्तरं म्हणे आरसे आणि शर्टाच्या बाह्या! नापास.

"हे माझ्यावर गुदरलंय!" मी टेबलावर हात आपटला.

"उत्तरं तुमच्याच व्हिडिओतली आहेत."

"मग व्हिडिओ खोटा बोलतोय!"

"व्हिडिओत तुम्हीच आहात, काका."

तिकडे हमाल पास, वॉचमन पास. मॅनेजर तर त्या वेळी खाली डोळे मिटून उभा होता, त्याला पैकीच्या पैकी! दुपारी मी जरा कुठं "काचेनं भरलेली पेटी" म्हटलं, की सगळे एका सुरात ओरडायला लागले, "आरसे!" वॉचमन म्हणतो, "काका, व्हिडिओ नीट बघा." माझी गोष्ट! मला! जेवणाऱ्याच्या हातातला घास काढून, कसा चावायचा ते त्यालाच शिकवल्यासारखं!

घरी आलो तर बायको म्हणाली, "जन्मात एकदा तरी एक गोष्ट दोनदा सारखी सांगा. जमेल?"

न जमायला काय झालं! दुसऱ्या खेपेला मी व्हिडिओ डोळ्यांत तेल घालून पाहिला. आरसे, बाह्या. आरसे, बाह्या. घोकत घोकत क्विझला बसलो. पेटीत काय होतं? काच, आरसे, बरण्या, झुंबरं. झुंबरं! ट्रेनिंगवालीनं आपला चुकीचा पर्याय म्हणून टाकलेला, पण काय डोकं लावलंय पोरीनं! गुडुप अंधार, डोक्यावर डुलणारी पेटी, तिच्यात झुंबरांची किणकिण, आणि खाली मॅनेजर! अहो, असं काही समोर असताना आरसे कोण घेईल? बोट आपोआप गेलं. नापास.

उरली एक खेप. हुकली तर कार्ड बंद, खुर्ची गेली, आणि त्या केबिनमध्ये बसणार तो फोर्कलिफ्टवाला, ज्याला दोन वाक्यं धड जुळवता येत नाहीत!

काल दुपारी बसलो. मागे अख्खं गोदाम जमलं होतं. पेटीत काय होतं? आरसे! कशानं बांधली? बाह्यांनी! स्क्रीनवर चांदण्यांचा पाऊस पडला. पैकीच्या पैकी! मॅनेजरनं मला मिठी मारली, ट्रेनिंगवालीनं डोळे पुसले, हमालांनी मला खांद्यावर घेऊन शिडीपर्यंत नेलं. आज सकाळी कार्ड टेकवलं आणि क्रेन लाडक्या म्हशीसारखी हंबरून हलली! दिवसभर चालवली. अजून हाताला क्रेनच्या दांड्याचा वास येतोय...

"दांड्याचा कसला डोंबलाचा वास?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "मटारचा आहे तो! कार्ड बंद पडलं म्हणून सकाळपासून इथंच सोलत बसला होतात. आणि काल तिसऱ्यांदाही झुंबरंच निवडून आलात, ते नाही का लिहायचं?"