नरहरराव नाही म्हणाले

इंटरनेटवर काही अजब सापडलं, की ते चार लोकांना दाखवल्याशिवाय विलासराव देवपुजाऱ्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा त्यांचा धर्मच होऊन बसला होता. रोज सकाळी हिंदी मुलखातल्या त्या कारखाना-वसाहतीतल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर 'आजचा ऐवज' पडायचा. कधी जगभरातल्या जंगलांचे आवाज ऐकवणारी साइट, कधी बंद पडलेल्या टेलिफोनांच्या घंटांचा संग्रह. त्यावर लोक काय पाठवायचे? गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. कुणी उघडून बघेल तर शपथ!

त्या गुरुवारचा ऐवज मात्र एकूण एक सगळ्यांनी उघडला.

साइट होती जुन्या फोटोंमधल्या माणसांना हलतं करणारी. विलासरावांनी तिच्यावर नरहरराव खांडवेकरांचा फोटो चढवला. नरहरराव म्हणजे टर्बाइन विभागातले त्यांचे साहेब, वारून बरीच वर्षं झालेले. त्यांची नात सुचेता हिचा साखरपुडा रविवारी विलासरावांच्या मुलाशी, विजयशी, व्हायचा होता. तेव्हा व्याह्यांना खूश करायची ही नामी संधी! विलासरावांनी 'स्मितहास्य' निवडलं. पडद्यावर साहेबांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला आणि तेवढ्यात चित्र अडकलं. पुढचं बघायला थांबतील तर ते विलासराव कसले! त्यांनी व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, 'सुचेता आणि विजय यांच्या विवाहास नरहररावांचे आशीर्वाद!'

मग अडकलेलं चित्र सुटलं. साहेब हसले. हसू हळूहळू मावळलं. त्यांनी डोळे वळवून थेट विलासरावांकडे पाहिलं आणि अगदी सावकाश, नाही म्हणून मान हलवली.

"रजनी, जरा इकडे ये गं," विलासरावांचा आवाज फाटला.

रजनीबाईंनी पाहिलं आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, हे काय करून ठेवलंत? जिवंतपणी अश्शीच मान हलवायचे ते!"

तोवर ग्रुपवर फुलं थांबली होती. मंडळाचे सचिव गोविंदराव यांनी लिहिलं, 'साहेब चक्क नको म्हणतायत हो!' शेजारच्या शालिनीबाईंनी लिहिलं, 'आमच्याकडे हा व्हिडिओ लावल्यापासून मांजर घरात यायला तयार नाही.' आणखी कुणी लिहिलं, 'गेलेल्या माणसाचा कल डावलू नये, एवढंच सांगतो.'

विलासराव घाबरून व्हिडिओ काढायला गेले आणि गडबडीत 'फक्त माझ्या फोनवरून काढा' हे बटण दाबून बसले. झालं! त्यांच्या एकट्याच्या फोनवरून तो गेला. उरलेल्या वसाहतीत साहेब मान हलवतच राहिले.

संध्याकाळी विजय तणतणत घरात शिरला. "बाबा, सुचेता रो रही है यार! ग्रुपवर टाकलंच कशाला? तिची आजी सकाळपासून दार लावून बसलीय. कोणाशी बोलतच नाहीये!"

खांडवेकरांच्या घरी या आजीच्या, इंदुमतीबाईंच्या, शब्दापुढे जायची कुणाची टाप नव्हती. त्या नको म्हणाल्या तर संपलंच! आणि पोराचा जीव तर त्या मुलीत अडकलेला. विजय जेवला नाही. त्याच्या बंद खोलीबाहेर झाकलेलं ताट तसंच राहिलं. ते बघून विलासरावांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"तुम्हीच बिघडवलंय, तुम्हीच निस्तरा," रजनीबाईंनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी विलासराव पुन्हा त्या साइटवर बसले. एका प्रकारात साहेबांनी त्यांना डोळा मारला. दुसऱ्यात साहेब गोड चुंबन पाठवू लागले, तेव्हा विलासरावांनी किंचाळून लॅपटॉप मिटला. शेवटी 'होकार' सापडला. साहेबांनी मान खाली-वर केली. हा व्हिडिओ घेऊन दुपारी नवरा-बायको इंदुमतीबाईंकडे स्कूटरवर निघाले.

खांडवेकर राहतात त्या इंद्रपुरीकडे जाताना वसाहतीतली ओस पडलेली क्वार्टर्स लागतात. खिडक्यांतून वेली आत शिरलेल्या, अंगणांत कमरेएवढं गवत, आणि भरदुपारी चिटपाखरू नाही. एका बंद क्वार्टरच्या खिडकीचं दार डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सावकाश हलत होतं. वारा मात्र पडलेला होता.

"बघू नका तिकडे," मागून रजनीबाई पुटपुटल्या. विलासरावांनी स्कूटर दामटली.

खांडवेकरांची सून, सुचेताची आई प्रतिभा हिने दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते. "आई आत आहेत. बघा तुम्हीच," ती एवढंच म्हणाली.

आतल्या खोलीत पडदे ओढलेले होते. उदबत्तीचा धूर कोंडला होता. देवघरात तांब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, त्याला मोगऱ्याचा गजरा. आणि त्या उजेडात नरहरराव हसत होते, थांबत होते, बघत होते, मान हलवत होते. पुन्हा पुन्हा. इंदुमतीबाई समोर पाटावर बसून होत्या.

"या विलासराव," त्या वळून न बघता म्हणाल्या. "कालपासून बोलतेय यांच्याशी. इतक्या वर्षांनी भेटले हो! सुनेला वाटतंय, म्हातारी बिघडली."

"काकू, ते पहिलं चुकून झालं," विलासरावांनी घाईघाईने आपला फोन पुढे केला. "हे बघा. साहेबांचा होकार आहे."

इंदुमतीबाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हो म्हणाले? हे?" त्या ताडकन उठल्या. "प्रतिभा! हॉलवाल्याला फोन कर, रविवारचं रद्द म्हणावं!"

"अहो काकू, असं काय करता? होकार दिलाय त्यांनी!"

"तेच तर! अहो, हे घर घ्यायला नको म्हणाले, मी घेतलं. प्रतिभाला सून करायला नको म्हणाले, मी केलं. सोन्यासारखं झालं सगळं. उभ्या जन्मात हो म्हणाले ते दोनदा. एकदा धाकट्या दिराच्या आइस्क्रीमच्या धंद्याला. तो पहिल्याच उन्हाळ्यात बुडाला. आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या ऑपरेशनला." त्यांचा आवाज ओला झाला. "काल नको म्हणाले तेव्हा इतका जीव निवला होता माझा!"

दारात प्रतिभाने तोंडावर हात ठेवला. विलासरावांनी फोन मागे ओढला. "काकू, पाया पडतो, हा होकार खोटा आहे. मी करवून घेतला. यंत्राकडून."

"असं?" इंदुमतीबाईंनी डोळे बारीक केले. "मग कालचा नकारही तुम्हीच करवला असणार. तसाच पुन्हा करून दाखवा, माझ्यासमोर. झाला, तर तोही खोटाच."

विलासरावांनी साइट उघडली. स्मितहास्य लावलं. साहेब नुसते हसले आणि थांबले. पुन्हा लावलं. पुन्हा नुसतेच हसले. मग त्यांनी सगळी यादी वरपासून खालपर्यंत धुंडाळली. होकार होता, डोळा मारणं होतं, ते मेलं चुंबनही होतं.

"काकू," ते फोन खाली करत म्हणाले, "यात नाही म्हणायची सोयच नाहीये."

रजनीबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. देवघरातल्या फोनवर नरहररावांनी पुन्हा एकदा सावकाश मान हलवली.

इंदुमतीबाईंनी त्यांना हात जोडले, डोळे पुसले आणि त्या प्रसन्न हसल्या. "प्रतिभा, हॉलवाल्याला पक्कं सांग गं. आणि साखर आण." मग त्या विलासरावांकडे वळल्या. "यांचं तर कळलं. आता तुमचं सांगा, विलासराव. मुलाचे वडील तुम्ही. तुमची संमती आहे ना?"

विलासराव मोठ्या आनंदाने मान हलवायला गेले, आणि ती कुठल्या बाजूला हलवावी तेच त्यांना कळेना. शेवटी ती दोन्ही हातांनी गच्च धरून ते तसेच उभे राहिले.