बापूकाका आणि उन्हाचा नाकेदार

बापूकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी खिडक्या उघडायचे, मग पायताण काढायचे. घर कुणाचंही असो! जालन्यातल्या आमच्या गल्लीत लोक एकमेकांना "जेवलात का?" विचारायचे, बापूकाका विचारायचे, "ऊन खाल्लं का?" न्हाई म्हटलं की दंडाला धरून थेट अंगणात. एकदा तर वाट विचारायला थांबलेल्या मुन्सफसाहेबांनाच त्यांनी टोपी काढायला लावून ओट्यावर बसवलं. बिचारे साहेब बसलेही.

निजामाच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर जकात घेणाऱ्या चौकीवर, या माणसाचा जन्म गेलेला. पेन्शनीत आल्यावर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठून गाठून त्यांनी व्हिटॅमिन डी शिकून घेतलं, आणि आमच्या गल्लीची शांतता संपली.

"नुस्तं दूध पिऊन काय होतंय?" ते गरजायचे. "दुधातलं कॅल्शियम पोटापोत्तर येतंय. मंग? पुढं रक्तात जायला नाका हाय! तिथला नाकेदार म्हंजी हे व्हिटॅमिन डी. ते उन्हानं अंगात तयार होतंय. नाकेदारच जाग्यावर न्हाई, तर माल आला तसा वापस! बराबर का न्हाई?"

"बिलकुल बराबर," आम्ही म्हणायचो. न म्हणून सांगता कुणाला!

त्या हिवाळ्यात माझी थोरली बहीण गोदाक्का बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर भोकरदनकडचं, देशमुखी थाटाचं. घरात गोषा, बायकांनी दिवसा उंबरा ओलांडायचा नाही. इकडे आईनंही बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीला जाड गोधडी ठोकलेली. मुलगी झाली, आणि थोड्याच दिवसांत गोदाक्काच्या हातांना मुंग्या यायला लागल्या. एका सकाळी तिचे हात मनगटात वाकले, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली. पोर रडत होती आणि तिला उचलायला गोदाक्काचे हातच उघडेनात. "बाहेरचं लागलं!" म्हणून आमची आई कडुलिंबाचा पाला शोधत सुटली. माझी तर भीतीनं गाळण उडाली.

काकांनी डॉक्टरांना टांग्यात घालून आणलं. डॉक्टरांच्या एका गालावर दाढीचा साबण तसाच! त्यांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, तसे हात सैल पडले.

"रक्तातलं कॅल्शियम पार उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "हे आजच्यापुरतं झालं. दुधाच्या जोडीला ऊन आणि कॉडलिव्हर तेल सुरू करा, नाहीतर पुन्हा हेच होईल. घसा आवळला तर जिवावर बेतेल."

"माशाचं तेल? माझ्या घरात?" आई उसळली.

"वहिनी, तुम्ही डोळे मिटा, मी पाजून राह्यलो!" म्हणत काकांनी गोधडी ओढली ती खिळ्यांसकट.

मग रोज सकाळी अंगणात लुगड्यांचा आडोसा, आत बाज, बाजेवर गोदाक्का आणि तिची पोर. बाहेर काका पाठ करून पहाऱ्याला. सावली आली की आतल्यांना हुकूम, "बाज सरकवा जल्दी! नाकेदार पुढं गेला!" तेल पिताना गोदाक्का असं काही तोंड करायची, की शेवटी आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायला लागली.

संक्रांत होऊन गेली. हात काही पुन्हा आखडले नाहीत. एका सकाळी गोदाक्का पोरीला उचलून आडोशाबाहेर आली आणि काकांच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "घ्या काका, तुमची नात."

काकांनी उपरण्यानं पोरीच्या डोळ्यांवर सावली धरली.

"आमच्या हिचे हात असेच आखडायचे," ते शेजारी उभ्या आमच्या आईला हळूच म्हणाले. "दूध हट्टानं पाजायचो, वहिनी. घराबाहेर मातर कधी पडू दिलं न्हाई. अंमलदाराची बायको, कुणी बघू नये म्हणून. ती गेली, पोटातलं लेकरूबी गेलं. पेन्शनीत येऊन डॉक्टरला इचारलं, तवा कळलं."

पोर कुरकुरली तशी गोदाक्कानं हात पुढं केले.

"राहू दे की जरा," काका म्हणाले.

दुपारपर्यंत आम्ही कुणी ती पोर मागितली नाही.