लटारूभाऊचा कोंबडा कोणी नेला?

चंचल यंदा दहावीत गेली होती. तिनं एक रहस्यकथा लिहिली होती आणि तिचा शेवट अख्ख्या सिंदेवाही तालुक्यात कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही, अशी तिची खात्री होती! शेवट वाचून माणूस टुणकन उडाला पाहिजे, नाहीतर गोष्ट वाचायचीच कशाला?

"अन् कोणी वळखला तं?" वच्छलामामीनं विचारलं. अंगणात तेंदूपत्त्याचा डोंगर पडला होता आणि बायका पानांचे पुडके बांधत होत्या.

"तं लिवणं बंद! हंगाम संपेस्तोवर तुमच्यासंगं पुडके बांधीन."

"अन् नाई वळखला तं?"

"तं सुट्टीभर मले कोनी कामाले हाक माराची नाई. मी लिवत बसन!"

पैज लागली.

गोष्ट शेजारच्या लटारूभाऊच्या कोंबड्याची होती. तो पोळ्याच्या सुमारास खरोखरच गायब झाला होता. बिबट्यानं नेला म्हणून लटारूभाऊ तेव्हापासून दिवस मावळायच्या आत दाराला कडी लावत. आज तेही कान टवकारून बसले होते.

चंचलनं घसा साफ केला. "अंधारात दोन डोळे चमकले..."

"बिबट्या!" अन्नपूर्णाकाकू मान वर न करताच म्हणाली.

झालं! शेवट तोच होता! चंचलनं कागद झटकन छातीशी धरला.

"बिबट्या नाई काई!" ती ठासून म्हणाली आणि कागदावर नसलेलंच वाचू लागली. "तेवढ्यात गावात एक मांत्रिक आला..."

"मांत्रिकानं नेला!"

"नाई! कोंबड्याचा मालक गालातल्या गालात हसला..."

"लटारूभाऊनंच खाल्ला!"

"मी?" लटारूभाऊ उसळले. "माळकरी हाय मी!"

"मंग कोंबडा कायले पाळला होता?"

"सकाळी उठवाले!"

मामीनं शांतपणे आपल्या शेजारी जागा केली, तिथं पानं सरकवली आणि म्हणाली, "बस, बाई."

चंचलचं टाळकं सरकलं. "चोर इथंच बसली होती!" ती ओरडली. "पुडके बांधता बांधता हसून राह्यली होती! तिचं नाव... वच्छलामामी!"

कुणीच ओळखलं नव्हतं! चंचल आनंदानं उडी मारणार, तोच मामीच्या हातातला पुडका गळून पडला.

"तुले कोणी सांगितलं वं?"

"काय?"

"जावई अचानक आले होते! घरात वांगंबी नोतं!"

"म्हंजे मी बिनकामाचा कडी लावून बसून राह्यलो?" लटारूभाऊ किंचाळले.

धक्का वाचकांना द्यायचा असतो म्हणे! इथं लेखिकेचाच आ वासलेला होता. पण काय मजा आली! लगेच दुसरी गोष्ट लिहावी असं तिला वाटलं.

"चंचल," लटारूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "माह्या वेलीवरचा कोहळाबी गेला ना. त्याची गोष्ट कवा लिवतं?"

भराभर सगळ्या माना पानांत खुपसल्या गेल्या. सगळ्यात खाली मान चंचलची होती. तिनं मुकाट्यानं मामीशेजारी बैठक मारली आणि पुडके बांधायला घेतले.

कोहळ्याचे तळलेले गोड बोंडं फारच छान झाले होते हो!