मोठ्यानं केलेली प्रार्थना

इंद्रभानला 'दोघं मिळून प्रार्थना करा' एवढंच सांगून मी थांबलो असतो, तर निभावलं असतं. पण मी 'मोठ्यानं करा' असंही सांगितलं. (मी मूळचा वसईचा. घसा बसल्याशिवाय प्रार्थना पोचली असं आम्हाला वाटत नाही.)

मी तेव्हा मलकापूरला फादर होतो. नवरा-बायकोंना श्रद्धेच्या वाटेवर जोडीनं चालवणं हे माझं काम, आणि त्यात आपला हातखंडा आहे अशी माझी समजूत. इंद्रभान कापसाच्या जिनात कामाला होता. एक दिवस येऊन म्हणाला, "फादरबाबा, गोजर बोलून नाही राह्यली. भाकर वाढते, पन बोलत नाही."

"कशावरून बिनसलं?"

"शेळीवरून. तिच्या बापानं देल्ली व्हती. मी भावाच्या घरी नेऊन बांधली."

"तिला विचारून?"

"तेच तं राह्यलं."

मी उपाय सांगितला. दिवेलागणीला क्रुसासमोर गुडघे टेकायचे आणि आळीपाळीनं देवाशी बोलायचं. मोठ्यानं.

थोड्याच दिवसांत त्यांच्या दाराशी गर्दी जमू लागली. शेजारचे उकंडराव तर मारुतीचं देऊळ सोडून तिथं येऊन बसत. मला भरून आलं. मी लगेच बिशपांना कळवलं की मलकापुरात श्रद्धेची लाट आली आहे. (वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले, सरकारचाही आणि देवाचाही.) बिशप रेल्वेनं आले. मी त्यांना थेट इंद्रभानच्या दारात नेलं. आधी स्वतः एकदा ऐकून घ्यावं, हे मला सुचलं नाही.

आत गोजरबाई डोळे मिटून म्हणत होती, "देवा, तुले तं सारं दिसते. माह्या शेळीचं दावं कोनं सोडलं, तेही दिसलं असंन."

लगेच इंद्रभान म्हणाला, "देवा, भावाचं लेकरू आजारी व्हतं. त्याले दूध पाह्यजे व्हतं. हे कोनी इचारलं काय?"

मग गोजरबाईचा आवाज खाली आला. "देवा, त्यायनं सांगतलं असतं, तं म्या सोता नेऊन बांधली असती."

"आमीन," उकंडराव बाहेरून म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिशप परदेशी, त्यांचं मराठी बेताचं. त्यांना शेळी तेवढी कळली. बायबलातल्या हरवलेल्या मेंढराचा दाखला चालला आहे असं समजून त्यांनी माझी पाठ थोपटली आणि खुशीत परत गेले.

म्हणजे तक्रार कोणाचीच नव्हती. लाज वाटली ती मला एकट्याला. दुसऱ्याच दिवशी मी त्या दोघांना छापील प्रार्थना नेऊन दिली आणि बजावलं, "हीच म्हणायची. एक अक्षर इकडचं तिकडे नको."

बिचाऱ्यांनी माझं ऐकलं. दाराशी कोणी येईनासं झालं. आणि महिनाभरात गोजरबाई माहेरी, डोणगावला निघून गेली.

इंद्रभान आला तेव्हा त्याची दाढी वाढली होती. "फादरबाबा, आमाले समोरासमोर बोलाची सवय नाही. देवाच्या आडून बोलत व्हतो. ते तुम्ही बंद केलं."

त्या दोघांचं जुळत आलं होतं आणि मी मध्ये पडून ते मोडलं. याचं मला आजही फार वाईट वाटतं. त्या रात्री जेवण गेलं नाही. (मला न जेवणं म्हणजे काय, ते आमच्या आचाऱ्याला विचारा.)

सर्व्हिस मोटारीनं धक्के खात मी डोणगावला गेलो. गोजरबाईचे वडील उत्तमराव यांनी चहा दिला. मी माफी मागायला सुरुवात केली. आधी थोडक्यात, मग सविस्तर, मग पवित्र शास्त्रातल्या दाखल्यांसह. चहावर साय धरली तरी मी बोलतच होतो.

गोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं. पदर सारखा केला, भिंतीकडे तोंड करून गुडघे टेकले आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, फादरबाबा लय भला मानूस हाय. पन त्यायले घरात 'गप बसा' म्हननारं कोनी नाही, म्हून असं होते. आता तूच त्यायले सांग. ते गप बसले, तं मी उद्याच मलकापूरले जाते."

आमीन म्हणायला मी तोंड उघडलं. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.