तीन पायांचं सिंहासन

एका जंगलात, मुलांनो, सिंह राजा होता, आणि एके दिवशी तो नव्हता. जनावरांनी बंड करून त्याला हाकलून दिलं आणि राजवाडा लुटला. पलंग सशांनी नेला, आरसा माकडांनी. सोनेरी वेलबुट्टीचं सिंहासन अंगणात मोडून पडलं होतं. ते साळूआक्का नावाच्या म्हाताऱ्या साळिंदरीनं घरी नेलं, तुटक्या पायाच्या जागी धोंडा लावला आणि वर मोहाची फुलं वाळत घातली.

बंडाचं पुढारपण अस्वलाकडे होतं. राजा नको, असं ते इतक्या मोठ्यानं ओरडलं, की सगळ्यांनी त्यालाच राजा केलं.

आता अस्वलमहाराजांना ओंडक्यावर बसवेना. ओंडक्यावर बसलं की आपण अस्वलच दिसतो, अशी त्यांची तक्रार. हुकूम सुटला : सिंहाच्या सगळ्या वस्तू हजर करा, ज्यानं काही मोडलं असेल, त्याचं मुंडकं उडवू.

आक्काचे काटे उभे राहिले. सिंहासनाचा पाय बंडाच्या दिवशी खुद्द अस्वलानंच दातांनी उपटला होता. हे अख्ख्या जंगलाला ठाऊक होतं. पण बोलायचं कोणी?

दरबारात महाराजांनी सिंहासनावरची चार फुलं तोंडात टाकली आणि खाली वाकून पाहिलं.

"आक्का, हा पाय कोणी मोडला?"

कोल्होबा प्रधान आभाळाकडे बघू लागले.

"मोडला कुठं, महाराज?" आक्का म्हणाली. "मुळातच तीन पाय आणि एक धोंडा. खानदानी घराण्यांत असंच असायचं. चार पाय काय, कुणाच्याही खुर्चीला असतात."

महाराज खुलले. "आम्हाला वाटलंच होतं."

आक्काला सिंहासनाची राखणदार नेमलं. जंगलात जुन्या थाटाची टूम निघाली. हरणांनी आपल्या धडधाकट खुर्च्यांचे पाय कापून घेतले. नदीत धोंडा म्हणून उरला नाही.

काही पावसाळे गेले आणि अस्वलाविरुद्धही बंड झालं. पुढे रानडुक्कर होतं. दरबारात घुसून त्यानं सिंहासनाचा दुसरा पाय दातांत धरला.

आक्का त्याच्या कानाशी गेली. "दादा, जरा बेतानं. उद्या तुम्हालाच बसायचंय."

डुकरानं पाय सोडला. लागलेली लाळ पुसली. मग जमावाकडे वळून ते आणखी मोठ्यानं ओरडलं, "राजा नको!"

तात्पर्य : क्रांती अवश्य करावी. फर्निचरला मात्र धक्का लावू नये.